फिश टँकसाठी घरी बनवलेल्या दगडांच्या गुहा: गडगा रचतात तशा रचा

सिक्लिड, म्हणजे हद्दीसाठी भांडणारे रंगीत मासे, पाळायला लागलो तेव्हा टँकमध्ये दगड ठेवणं मला अर्ध्या तासाचं काम वाटलं होतं. वाळू धुतली, अंथरली, वर चार-सहा दगड एकमेकांवर टेकवले, लाईट लावला, छान दिसत होतं. अकराव्या दिवशी रात्री ठप्प असा आवाज आला. उठून बघतो तर वरचा दगड घसरून पुढच्या काचेला टेकलेला आणि त्याच्याखाली एक पिवळी मादी चेंगरलेली. माशांनी दगडाखालची वाळू तोंडानं उचलून बाजूला टाकली होती, रोज थोडी थोडी, आणि दगडाचा आधारच गेला. काच वाचली, मादी गेली. दुकानात मला सांगितलं होतं की कुठलाही दगड चालतो, कसाही ठेवा.

त्यानंतर सगळं उपसून पहिल्यापासून केलं. आता तीन टँक आहेत आणि त्यातला दगड हललेला नाही. हे मला कुठल्या व्हिडिओनं नाही, आमच्या थोरल्या काकांनी शिकवलंय. कोल्हापूरच्या पश्चिमेला आमच्या गावी शेताच्या कडेनं गडगा रचतात, नुसता दगडावर दगड, त्यात ना सिमेंट ना माती, आणि तो चार-चार पावसाळे धो धो पाऊस खाऊन तसाच उभा असतो. काका म्हणायचे, "दगड ठेवायचा नसतो, बसवायचा असतो." टँकमधली गुहा म्हणजे छोटा गडगाच. सिलिकॉन न लावता जी उभी राहते तीच खरी गुहा, सिलिकॉन फक्त वरची खबरदारी. एवढं डोक्यात पक्कं ठेवून पुढचं वाचा.

१. गुहा कुणासाठी, ते आधी ठरवा

माशाप्रमाणे गुहा बदलते. मी मुख्यतः म्बुनासाठी लिहितोय, म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या खडकाळ काठावर राहणारे सिक्लिड. तिथल्या टोंगा लोकांच्या भाषेत म्बुना म्हणजे खडकातला मासा. यलो लॅब, डेमासोनी, रेड झेब्रा हे जे आपल्याकडं दुकानात मिळतात ते सगळे यातलेच. हे दगडावरचं शेवाळ खरवडून खातात, दगडातच लपतात आणि दगडासाठीच भांडतात. त्यांना गुहा शोभेसाठी नाही लागत, जीव वाचवायला लागते. जोरावर नर एकदा मागं लागला की पळणाऱ्याला आत शिरायला जागा पाहिजे आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायलाही पाहिजे. म्हणून म्बुनाच्या गुहेला कमीत कमी दोन तोंडं. एका तोंडाची गुहा म्हणजे सापळा, नर तोंडाशी उभा राहतो आणि आतला बिचारा दोन-दोन दिवस उपाशी.

ब्रिसलनोज प्लेकोचं बरोबर उलटं. त्याचा नर आत अंडी सांभाळत बसतो, त्याला मागून बंद, अरुंद, लांबट बीळ आवडतं, अंग जेमतेम घासून आत जाईल असं. क्रिबेन्सिस या छोट्या सिक्लिडच्या जोडीला छोट्या तोंडाची अंधारी खोली पुरते, छताला अंडी चिकटवतात. गोल्डफिश, एंजल, गप्पी यांना गुहा लागतच नाही. गोल्डफिशच्या टँकमध्ये तर धारदार कडांचा दगड घालूच नका, त्यांचे लांब पर फाटतात.

तोंडाचं माप असं धरा: म्बुना वाढून साधारण १० ते १३ सेंटीमीटर होतात, त्यांना ५ ते ७ सेंटीमीटर उंचीची वाट पुरेशी. सगळी भोकं सारखी नकोत. काही मोठी, काही एवढी बारीक की फक्त मादी शिरेल आणि नर बाहेर अडकेल, आणि काही अगदी बोटाएवढ्या फटी, त्या पिल्लांसाठी. आणि गुहांची संख्या माशांपेक्षा जास्त ठेवा, निदान नरांपेक्षा दुप्पट.

२. सामान जमवा

माझा टँक ३ फुटी आहे, ३६ बाय १८ बाय १८ इंच, ८ मिलिमीटर काच. त्याला हे लागलं:

- काळा दगड ४० किलो, त्यात चपटे जास्त
- बुडाला टाकायला पातळ फोमची शीट किंवा प्लास्टिकची जाळी, ट्यूबलाईटच्या पॅनलला असते तसली चौकोनी घरांची
- शंभर टक्के सिलिकॉन, बुरशीचं औषध नसलेलं, २ ट्यूब आणि ती दाबायची गन
- जेल टाइप सुपरग्लू आणि थोडा कापूस
- तारेचा ब्रश, प्लास्टिकचा ब्रश, दोन बादल्या
- पांढरं व्हिनेगर, ड्रॉपर, मोठा खिळा
- छन्नी-हातोडा, चष्मा, जाड हातमोजे
- मेजर टेप, खडू, पुठ्ठ्याचा मोठा बॉक्स
- पीएच मोजायचं किट

पुठ्ठ्याचा बॉक्स कशाला ते पुढं येईल.

वजनाचा हिशोब आत्ताच करा, नंतर नको. या टँकमध्ये काठोकाठ १९० लिटर पाणी मावतं. काळा दगड पाण्याच्या पावणेतीन-तीनपट जड असतो, म्हणजे ४० किलो दगड साधारण १४ लिटर पाण्याची जागा खातो. पाणी, दगड, वाळू, काच सगळं धरलं की स्टँडवर अडीचशे किलोच्या पुढं भार येतो. लोखंडी स्टँड असेल तर ठीक, पण प्लायवूडच्या टीव्ही युनिटवर टँक असेल तर आधी स्टँड बदला. आणि रचना झाल्यावर टँक भरताना बादल्या मोजून घाला, किती लिटर बसलं ते टँकच्या मागं पट्टी चिकटवून लिहून ठेवा. पुढं औषध घालायची वेळ आली की खऱ्या पाण्यावर डोस काढता येतो. काचेच्या मापावरून काढलेला डोस जास्त पडतो आणि मासे त्यानंच दगावतात.

३. दगड कुठून आणायचा

आपलं नशीब चांगलं आहे, अख्खा दख्खन काळ्या दगडावर बसलाय. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसाल्ट, घट्ट, आणि पाण्यात सहसा काही सोडत नाही. पुण्याजवळ वाघोलीकडं खाणी आहेत, तुमच्या गावाजवळही एखादी खाण किंवा खडी क्रशर असणारच. तिथं जाऊन विचारायचं, बहुतेक वेळा गोणीभर दगडाला चहापाण्याचे पैसे सोडून कुणी काही घेत नाही. ताजा फुटलेला दगड घ्या. रस्त्याच्या कडेचा नको, त्यावर डिझेल आणि ऑइल मुरलेलं असतं, शेतातला नको, फवारणीचं औषध असतं.

गडकिल्ल्यावरून आणि अभयारण्यातून एक खडासुद्धा उचलू नका. अभयारण्यातून काही काढून नेणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि गडावर तर कुणीतरी रचलेला दगड आपण काढतोय हे मनालाच लागलं पाहिजे.

नदीतले गुळगुळीत गोटे दिसायला सुंदर. पण ते एकमेकांवर बसत नाहीत, गोट्यावर गोटा म्हणजे आज ना उद्या घरंगळणार. मी ते फक्त पुढच्या बाजूला खाली ठेवायला वापरतो. गुहेला लागतात चपटे दगड, आणि ते खाणीत शोधायला वेळ लागतो, मी पहिल्यांदा दोन तास उन्हात फिरलो होतो पण तो वेळ नंतर वसूल झाला. एक हिशोब सांगतो, दहा दगड उचलले तर त्यात छत व्हायच्या लायकीचे तीन निघाले तरी खूप. बाकीचे पाय आणि चिपा.

चिपा म्हणजे बोटाएवढ्या, सुपारीएवढ्या कपच्या. गडगा रचताना फटीत ठोकतात त्या. त्या पिशवीभर घ्याच, लोक मोठे दगड आणतात आणि चिपा विसरतात.

जांभा दगड कोकणात आणि आमच्याकडंही स्वस्तात मिळतो, भोकं भोकं असतात म्हणून नवीन माणूस त्याच्यावर जातो. नीट पक्का असेल तर चालतोही, पण ठिसूळ जांभा पाण्यात मातीसारखा झडतो आणि पाणी लालसर गढूळ होतं. मी वापरत नाही.

आणि आता कडप्पा. किचन ओट्याचे तुकडे मार्बलवाल्याकडं ढिगानं पडलेले असतात, सपाट, काळे, छत करायला एक नंबर. काळा आहे म्हणून लोक त्याला बेसाल्टसारखा समजतात. तो बेसाल्ट नाही. कडप्पा, शहाबादी आणि कोटा या तिन्ही फरश्या मुळात चुनखडीच्या आहेत, त्या हळूहळू पाण्याचा कडकपणा वाढवतात. मलावीच्या माशांना कडक आणि अल्कलाइन पाणीच लागतं, पीएच पावणेआठ ते साडेआठच्या आसपास, त्यामुळं त्यांना कडप्पा चालतो, उलट आमच्याकडच्या धरणाच्या मऊ पाण्याला त्याची थोडी मदतच होते. पण टेट्रा, डिस्कस, एपिस्टो असल्या मऊ पाण्याच्या माशांच्या टँकमध्ये कडप्पा, संगमरवर, शिंपले, प्रवाळ यातलं काही नको.

४. व्हिनेगरची टेस्ट, दगड ओळखल्याशिवाय आत नाही

दगड कोरडा करा. खिळ्यानं एका जागी खरवडून थोडी भुकटी काढा आणि त्या भुकटीवर ड्रॉपरनं व्हिनेगरचे तीन-चार थेंब टाका. सरळ दगडावर टाकलं तर किचनचं व्हिनेगर कमी ताकदीचं असल्यामुळं काही दिसत नाही आणि आपण पास करून टाकतो, भुकटीवर टाकलं की लगेच कळतं. कान जवळ न्या, चुनखडी असेल तर बारीक चुरचुर ऐकू येते, आणि डोळ्यानं बघितलं तर थेंबाच्या कडेनं मोहरीपेक्षाही लहान बुडबुड्यांची माळ उठते.

काळ्या दगडात पांढरे किंवा हिरवट स्फटिक भरलेल्या पोकळ्या असतात, त्या प्रत्येक पोकळीवर वेगळा थेंब टाका. माझ्याकडं एक दगड होता, सगळीकडं गप्प, आणि एका बोटभर पांढऱ्या शिरेवर थेंब पडला की फसफसायचा. दगड बेसाल्टच पण पोकळीत कॅल्साइट भरलेलं. एवढ्यानं म्बुनाच्या टँकला काही होत नाही, मी तो ठेवला. मऊ पाण्याच्या टँकला नसता ठेवला.

सोनेरी चमकणारे ठिपके, गंजासारखे डाग, हिरवे-निळे पट्टे असलेला दगड बाजूला काढा, धातूचा धोका असतो. शंका आली की सरळ बाद करा, दगड काही कमी नाहीत.

अजून खात्री हवी असेल तर बादलीत टँकला वापरता तेच पाणी घ्या, त्यात दगड बुडवून आठवडाभर ठेवा, शेजारी दुसऱ्या बादलीत नुसतं पाणी. दोन्हीचा पीएच आणि कडकपणा आठवड्यानं मोजा. नुसतं पाणी शेजारी ठेवायला विसरू नका, कारण नळाच्या पाण्याचा पीएच उघड्यावर राहून स्वतःहूनच बदलतो आणि दोष दगडाला जातो.

५. धुणं

तारेच्या ब्रशनं घासा, फटीतली माती खिळ्यानं काढा, मग प्लास्टिकच्या ब्रशनं वाहत्या पाण्याखाली. साबण, डिटर्जंट, फिनेल काही लावायचं नाही, दगड ते पितो आणि महिनाभर सोडत राहतो. तारेच्या ब्रशच्या तुटलेल्या तारा दगडात अडकून राहतात, चुंबक फिरवून काढा.

दगड पातेल्यात घालून उकळू नका. आत पाणी अडकलेलं असतं, त्याची वाफ होऊन दगड फुटल्याचे प्रकार झालेत, तोंडावर उडाला तर डोळा जाईल. बादलीत दगड ठेवून वरून कडक गरम पाणी ओता, गार होईपर्यंत तसंच राहू द्या, बस. मग उन्हात तीन दिवस. पावसाळ्यात हे काम काढलंत तर घरात पंख्याखाली आठवडा तरी द्या, ओल्या दगडाला सिलिकॉन धरत नाही.

६. टँकबाहेर कोरडं रचा

हीच खरी पायरी आहे. बाकी सगळं एका दिवसात उरकलं तरी चालेल, इथं मात्र दोन-तीन संध्याकाळ द्या.

आता पुठ्ठ्याचा बॉक्स. तो टँकच्या आतल्या मापाचा कापा, म्हणजे तळ, मागची भिंत आणि दोन बाजू, पुढची बाजू उघडी. आतलं माप घ्या, बाहेरचं नाही, काचेची जाडी दोन्हीकडून वजा होते. वरच्या आडव्या काचपट्ट्या पण खडूनं बॉक्सवर आखा. मी हे केलं नव्हतं आणि पहिल्या वेळी सुंदर तीन मजली गुहा चिकटवून बसलो, सात दिवस वाळवली आणि ती वरच्या पट्टीच्या मधून आत जाईना. ब्लेडनं कापून सोडवावी लागली.

बॉक्स एका फळीवर ठेवा आणि त्यात मागच्या भिंतीपासून ६-७ सेंटीमीटर सोडून रचायला घ्या, बाजूच्या काचांपासूनही तेवढंच. तिथून सायफनचा, म्हणजे तळातली घाण पाण्यासकट ओढायचा, पाइप आणि तुमचा हात गेला पाहिजे. दगड काचेला चिकटून असला की मागं घाण साचते आणि ती कधीच निघत नाही.

पहिला थर सगळ्यात मोठ्या दगडांचा. सर्वात सपाट बाजू खाली. दगड खाली ठेवून तळव्यानं चारी कोपऱ्यांवर दाबा, कुठंही डुगडुगला की उचलून फिरवा, दुसरी बाजू बघा. तीन ठिकाणी टेकलेला दगड डुगडुगत नाही, म्हणून चार टेकू शोधत बसू नका, तीन चांगले शोधा. तरीही किंचित हलत असेल तर खालून चीप सरकवा, हातोड्याच्या दांड्यानं हलकेच आत ठोका, चीप घट्ट बसली की दगडाचा आवाज बदलतो, पोकळ टक्-टक्चा भरीव ठक् होतो. तो आवाज ओळखायला शिका, काका डोळे मिटून दगड तपासायचे ते याच आवाजावर.

दोन पायांवर एक छत, ही एक गुहा. छताचा दगड दोन्ही पायांवर निदान ३-४ सेंटीमीटर आत आला पाहिजे, काठावर टेकवलेलं छत नको. पाय एकमेकांपासून लांब नेण्याच्या मोहात पडू नका, मोठी गुहा माशालाही आवडत नाही, त्याला अंग टेकेल अशी जागा पाहिजे.

दुसरा थर चढवताना सांधमोड करायची. खालच्या दोन दगडांचा जिथं सांधा आहे त्याच्यावर वरच्या दगडाचा मध्य आला पाहिजे, विटेच्या भिंतीत असतं तसं. सांध्यावर सांधा आला की भिंत तिथूनच उकलते. आणि प्रत्येक थर मागं मागं घ्या, गडग्याला उतार देतात तसा, बुडाला रुंद आणि वर निमुळता, आतल्या बाजूला किंचित झुकलेला. सरळसोट उभा मनोरा रचायचा नाही. उंची किती? टँकच्या उंचीच्या दोन तृतीयांशापर्यंत थांबा, वर माशांना पोहायला मोकळं पाणी लागतं.

रचताना मधून मधून गुडघ्यावर बसून माशाच्या नजरेनं बघा. टँकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ दिसतंय का? दिसत असेल तर नर तिथून सगळ्यांवर नजर ठेवणार आणि अख्खा टँक स्वतःचा समजणार. मध्ये एक उंच दगड घाला, नजर तोडा. माझ्या टँकमध्ये दोन ढीग आहेत, डावीकडं मोठा, उजवीकडं लहान, मध्ये मोकळी वाळू. त्यामुळं दोन नर आपापल्या ढिगावर राहतात, भांडणं होतात पण कुणाचे पर फाटेपर्यंत जात नाहीत.

रचून झालं की परीक्षा. सर्वात वरच्या दगडावर हात ठेवून मुठीनं बाजूनं ढकला, मग खालची फळी धरून जोरात हलवा. काही घसरलं तर बरं झालं, बाहेरच घसरलं. तो थर उतरवून परत बसवा. सगळं स्थिर झालं की रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी परत ढकलून बघा. मग चारी बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक दगडावर खडूनं नंबर टाका आणि कुठला दगड कुठं टेकतो तिथं खूण करा. खुणा नसतील तर उद्या तोच दगड तसाच परत बसत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

७. चिकटवणं

सगळी रचना मिळून एक ठोकळा करू नका. दोन-तीन दगडांचे सुटे भाग करा, प्रत्येकी ८ किलोच्या आत, एका हाताला धरता येईल आणि वरच्या पट्टीतून जाईल असे. पुढं आजारी मासा पकडायची वेळ आली की गुहा उचलून बाहेर काढावीच लागते, दगड आत ठेवून जाळीनं म्बुना पकडायचा प्रयत्न कराल तर मासा आणि तुम्ही दोघं दमाल.

सिलिकॉन घेताना ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीचं औषध असतं, ते माशांना विष आहे. बुरशीरोधक, फंगस, मोल्ड असला कुठलाही शब्द दिसला की परत ठेवा. साधं, पारदर्शक, लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास मारणारं सिलिकॉन पाहिजे. काळ्या दगडाला काळं मिळालं तर उत्तम, सांधे दिसत नाहीत.

दगडाची टेकायची जागा ब्रशनं परत एकदा झाडा, धूळ राहिली तर सिलिकॉन धुळीला चिकटतं, दगडाला नाही. खुणेच्या जागी आवळ्याएवढा गोळा द्या, दगड दाबून बसवा, तीन टेकू दगडाला दगड लागलेच पाहिजेत, सिलिकॉन मधल्या फटीत. वजन दगडानं पेलायचं, सिलिकॉननं नुसतं सरकू द्यायचं नाही.

वाळायला वेळ द्या. वरून साय धरली म्हणजे वाळलं असं नाही, सिलिकॉन हवेतल्या दमटपणानं बाहेरून आत पक्कं होत जातं, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. जाड गोळ्याला आठवडा लागतोच. पूर्ण आठवड्यानं नाक जवळ नेऊन वास घ्या, आंबट वास येत असेल तर अजून थांबा. मग एक रात्र बादलीत बुडवून ते पाणी फेकून द्या.

बारीक चिपा जागेवर धरायला जेल सुपरग्लू आणि कापूस वापरतो. फटीत कापसाची छोटी वात कोंबायची, वर ग्लू सोडायचा. चार-पाच सेकंदात कापसातून पांढरी वाफ निघते आणि तो दगडासारखा कडक होतो. ही वाफ डोळ्यांना झोंबते आणि कापूस चांगलाच तापतो, बोट भाजतं. सुती हातमोजे घालून हे अजिबात करू नका, ग्लू हातमोज्यावर सांडला तर तोही तसाच तापतो. खिडकी उघडी, चेहरा लांब, लहान मुलं खोलीबाहेर.

८. दगड कमी पडले तर: पाइप, मडकं, करवंटी, सिमेंट

पीव्हीसीचा २ किंवा ३ इंची पाइप कापून त्याला बाहेरून चिपा चिकटवल्या की प्लेकोसाठी झकास बीळ होतं. १२ ते १५ सेंटीमीटर लांब, एक टोक दगडानं बंद. पाइपचा गुळगुळीतपणा आधी सँडपेपरनं घालवा, नाहीतर सिलिकॉन सुटतं.

कुंभाराकडचं साधं भाजलेलं मडकं किंवा कुंडी चालते, रंग नको, चकाकी नको. तोंडाची कड कानशीनं घासा. करवंटी लहान माशांना मस्त, पण तासभर उकळून, पाणी बदलून परत उकळा, तरीही पाणी काही दिवस चहाच्या रंगाचं राहतं. ते मऊ पाण्याच्या माशांना चालतं, म्बुनाच्या टँकमध्ये मी घालत नाही.

थर्माकोलवर सिमेंट थापून कृत्रिम खडक करतात, हलका असतो, दिसतोही छान. पण नवीन माणसानं पहिल्याच वेळी याच्या मागं लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ताजं सिमेंट पाण्यात चुना सोडतं आणि पीएच १२ च्या वर नेऊ शकतं, त्यात मासा काही मिनिटं टिकत नाही. २८ दिवस ओलं ठेवून पिकवायचं, मग टबात बुडवून दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलत राहायचं, नळाच्या पाण्याचा आणि टबातल्या पाण्याचा पीएच सारखा येईपर्यंत. आणि थर्माकोल तरंगतो, तो तळाच्या काचेला सिलिकॉननं चिकटवावाच लागतो.

९. टँकमध्ये उतरवणं: आधी दगड, मग वाळू

हा क्रम उलटा झाला की माझ्या त्या पिवळ्या मादीसारखा मासा जातो.

टँक रिकामा आणि कोरडा. तळाच्या काचेवर फोम किंवा जाळी, जिथं दगड येणार तेवढ्याच भागात, म्हणजे दगडाचं टोक एका बिंदूवर काचेला रुतत नाही. त्यावर पहिला थर फोटो बघून बसवा. दोन माणसं लागतात, एक दगड देणारा आणि एक बसवणारा, एकट्यानं करू नका. दगड हातातून सुटला तर काच गेलीच. आतल्या बाजूनं पुढच्या काचेला एक जुना टॉवेल टेकवून ठेवा.

सगळे भाग बसले की परत ढकलून बघा. हीटर दगडाला टेकलेला नको, गरम काच आणि दगड घासून हीटर फुटतो. फिल्टरचा प्रवाह दगडांच्या मागून पुढं येईल असा ठेवा.

आता वाळू, चार-पाच सेंटीमीटर, दगडांच्या भोवतीनं ओता. मासे खुशाल उकरू देत, खाली गेले तरी दगड काचेवरच्या जाळीवर उभा आहे, वाळूवर नाही.

पाणी भरताना दगडावर ताट ठेवून त्यावर ओता. पाण्यात दगडाचं वजन कमी भरतं, ५ किलोचा दगड साधारण सव्वातीन किलोचा होतो, त्यामुळं बाहेर घट्ट वाटलेली एखादी चीप आत सुटू शकते. भरून झाल्यावर हात घालून शेवटचं एकदा सगळं चाचपून घ्या.

१०. मासे सोडल्यावर

टँक नवीन असेल तर मासे सोडायच्या आधी अमोनियाचं चक्र पूर्ण होऊ द्या, म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढू द्या, गुहा कितीही चांगली असली तरी त्याला पर्याय नाही.

सुरुवातीचे काही आठवडे दगडावर तपकिरी थर येतो, घाबरू नका, घासू पण नका. नंतर हिरवं येतं आणि म्बुना त्यावर तुटून पडतात, तोंड दगडाला लावून कुरतडताना बघायला फार बरं वाटतं. पुढची काच तेवढी पुसा, दगड तसेच राहू द्या.

नवीन मासे घालायचे असतील तेव्हा सुट्या भागांपैकी एक-दोन हलवून जागा बदला, मग नवे मासे सोडा आणि लाईट काही तास बंद ठेवा. जुन्या नराची हद्द मोडते, सगळ्यांनाच नव्यानं घर शोधावं लागतं, नवीन आलेल्यावर एकट्यावर कुणी तुटून पडत नाही. फक्त जागा बदलताना परत वाळूवर ठेवू नका, वाळू बाजूला सारून खाली जाळीपर्यंत जा.

दर आठवड्याला पाणी बदलताना सायफनची नळी मागच्या ६-७ सेंटीमीटरच्या गल्लीतून फिरवा. गुहेच्या तोंडाशी नळी धरून हातानं पाण्याचा झोत मारला की आतली घाण बाहेर येते. महिन्यातून एकदा वरचा दगड बोटानं हलवून बघा.

मादी खाणं सोडून एका फटीत बसलेली दिसली आणि तिची हनुवटी फुगलेली असली तर तिनं अंडी तोंडात धरलीत. साधारण तीन आठवडे ती तशीच राहते. त्या दिवसांत गुहा हलवू नका, तिच्या फटीत जाळी घालू नका. रात्री टँकचा लाईट बंद केल्यावर टॉर्च तिरका धरून चिपांच्या मधे बघा, काळ्या दगडावर आधी फक्त डोळे चमकतात, दोन-दोन ठिपके, मग कळतं की नखाएवढी पिल्लं तिथं अंग चोरून बसलीत. ती दिसली की त्या आठवड्यापासून सायफनच्या तोंडाला नायलॉनचा जुना मोजा रबरबँडनं बांधा, आणि पाणी टाकण्याआधी बादलीतही एकदा टॉर्च मारून बघा.